निलगिरीचा वरैआडू आणि शोलाकिळी

तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटक यांच्या सीमा जिथे मिळतात, तिथे पश्चिम घाट एकदम उंचावून निलगिरीचे पठार तयार होते. दोड्डबेट्टा हे त्याचे सर्वोच्च शिखर २,६३७ मीटर उंच आहे. पठाराच्या पश्चिम कडेला कुंदा डोंगररांग आणि मुकुर्तीचे शिखर असून त्यापलीकडे कडे सरळ केरळच्या जंगलात उतरतात. या उंचीवर मूळची भूमी दोनच प्रकारची. उघड्या उतारांवर गवत. घळींत आणि ओढ्यांच्या काठी बुटक्या, शेवाळाने मढलेल्या झाडांचे दाट रान. या रानाला शोला म्हणतात. शोला आणि गवत यांच्यामधली सीमा इतकी रेखीव असते की चार पावलांत अंधारातून उन्हात येता येते.

निलगिरी ताहर, तमिळमध्ये वरैआडू, हा या गवताचा प्राणी. शोलाकिळी हा शोल्यातला गाणारा पक्षी. दोघेही पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच नाहीत आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत दोघांचीही नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे. एकाच डोंगरावर, हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या या दोन जीवांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास मात्र अगदी वेगळ्या वाटांनी गेला आहे. डोंगरावर माणसाने जे जे केले, त्यातले बरेचसे एकाला बाधले आणि दुसऱ्याला फारसे लागले नाही.

वरैआडूचा पूर्ण वाढलेला नर शंभर किलोपर्यंत भरतो. मादी साधारण त्याच्या निम्मी. नराचा रंग वयाबरोबर गडद होत जवळजवळ काळा होतो आणि पाठीवर रुपेरी-राखाडी पट्टा उमटतो. इंग्रज शिकारी अशा नराला खोगीरपाठ्या म्हणत. शिंगे नर-मादी दोघांनाही असतात, आखूड आणि मागे वळलेली. कळप चरतो तो कड्याच्या आसपासच. बिबट्या किंवा रानकुत्री दिसली की एखादी मादी शिटीसारखा आवाज काढते आणि क्षणात सगळा कळप कड्यावर उतरतो, जिथे चार पायांच्या दुसऱ्या कोणत्याही प्राण्याला उभे राहता येत नाही. माजाचा हंगाम पावसाळ्यात, पिल्ले जानेवारी-फेब्रुवारीत, बहुधा एका मादीला एकच.

शोलाकिळी चिमणीपेक्षा किंचित मोठी. निलगिरीतल्या जातीची पाठ आणि छाती पाटीच्या दगडासारखी निळसर, कुशी तांबूस, पोटाचा मध्य पांढरट. नर-मादी दिसायला सारखे. वावर जमिनीलगत असतो. ओल्या पाचोळ्यावर दोन-तीन उड्या मारायच्या, थांबायचे, शेपटी किंचित हलवायची, एखादा किडा टिपायचा आणि पुन्हा झुडपाखाली नाहीसे व्हायचे, असा तिचा दिवस जातो. खोडाच्या ढोलीत किंवा ओढ्याकाठच्या मातीच्या भिंतीतल्या खळग्यात शेवाळ आणि मुळांचे तंतू घालून घरटे करते. अंडी बहुधा दोन. पहाटे आणि संध्याकाळी, जेव्हा शोल्यात जवळचे खोडही नीट दिसत नाही, तेव्हा तिची उंच, गुंतागुंतीची शीळ ऐकू येते. हा पक्षी पाहिलेल्यांपेक्षा ऐकलेले लोक नेहमीच जास्त असतात.

दोघांच्या भवितव्यात पहिला फरक पडतो तो इथेच. वरैआडू उघड्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा राहतो. कड्याचा आश्रय रानकुत्र्यांपासून वाचवतो, लांब पल्ल्याच्या बंदुकीपासून नाही. उलट कड्यावर स्तब्ध उभा राहण्याची सवयच तिथे घातक ठरते. शोलाकिळीवर बंदूक चालवायला तिच्यात मांस नाही, आणि चालवायची म्हटली तरी ती दिसत नाही.

या गवताविषयी एक गैरसमज दीर्घकाळ टिकला: पूर्वी सगळा डोंगर जंगलाने झाकलेला होता आणि माणसाने जाळून, गुरे चारून तो उघडा केला. सरकारी वनखात्याला हा समज सोयीचा होता. उघडी जमीन म्हणजे पडीक जमीन, आणि पडीक जमिनीवर झाडे लावणे म्हणजे पुण्यकर्म. वनाधिकारी सी. आर. रंगनाथन यांनी १९३८ मध्येच दाखवून दिले होते की उघड्या उतारांवर हिवाळ्यात पडणारे दहिवर शोल्याच्या रोपांना तग धरू देत नाही. पुढे रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निलगिरीतल्या दलदलींमधल्या कुजट मातीचे थर तपासले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून वीस हजार वर्षांचा पट उलगडला. हवामान बदलले तसे गवत आणि झाडी यांचे प्रमाण कमी-जास्त होत गेले, परंतु गवत तिथे गुराख्यांच्या आधीपासून होते. वरैआडूसारखा प्राणी घडायला लागणारा काळ पाहता ते तसे असणेच स्वाभाविक होते.

वरच्या पठारावर तोडांच्या वस्त्या होत्या. म्हशी पाळणारा हा समाज मांस खात नाही, शिकार करत नाही. म्हशींना कोवळे गवत मिळावे म्हणून ते जुने वाळके गवत जाळत. शोल्याची कड त्या आगीत होरपळत असे, पण आतला ओलावा आगीला फार पुढे येऊ देत नसे. कोता, बडगा, कुरुंबा, इरुळा हे समाज आपापल्या उंचीवर राहत. बडगांची शेती पठारावर पसरत गेली. या व्यवस्थेत कड्यांवरचा प्राणी आणि घळीतला पक्षी दोघांनाही जागा उरली होती.

१७९९ मध्ये टिपूच्या पाडावानंतर हा प्रदेश कंपनीकडे आला. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हन १८१९ मध्ये वर चढला आणि काही वर्षांतच उदगमंडलम, म्हणजे ऊटी, उभे राहिले. आजारी सैनिक, त्यांच्यामागून मद्रासचे अधिकारी, मग कॉफी आणि चहाचे मळेवाले आले. सुट्टीवरच्या अधिकाऱ्यांना करमणूक हवी होती आणि कुंदाच्या कड्यांवर ‘आयबेक्स’ होता. आयबेक्स हा वेगळाच प्राणी, पण शिकाऱ्यांच्या तोंडी हेच नाव राहिले. लंडनमध्ये विल्यम ऑगिल्बी याने १८३८ मध्ये शास्त्रीय नाव देऊन त्याची नोंद केली. शोलाकिळीची नोंद सहा वर्षांनी, १८४४ मध्ये झाली. ती करणारा टॉमस जर्डन हा मद्रास सैन्यातला शल्यवैद्य. याच जर्डनने पुढे भारतातल्या पक्ष्यांवर आणि नंतर, १८६७ मध्ये, सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिले, त्यामुळे दोन्ही जीव एकाच लेखणीतून अभ्यासकांपुढे गेले.

शोलाकिळीच्या भाऊबंदांचा शोध एका वेगळ्या मार्गाने अहमदनगरशी जोडला जातो. सॅम्युएल फेअरबँक हा अमेरिकन मराठी मिशनचा पाद्री नगर जिल्ह्यात, वडाळ्याला काम करत असे. पक्षी आणि गोगलगायी हा त्याचा छंद. १८६०च्या दशकात पळणी डोंगरातल्या कोडाईकनालला गेला असताना त्याने जे पक्षी गोळा केले, त्यांवरून डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्डने १८६८ मध्ये पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी तिथल्या एका हसऱ्या कस्तुराला ब्लॅनफर्डने फेअरबँकचेच नाव दिले. पालघाट खिंडीच्या उत्तरेला निलगिरीची तांबूस कुशीची शोलाकिळी, दक्षिणेला ही पांढऱ्या पोटाची, हे दोघींच्या मुलखातले अंतर तेव्हापासून माहीत झाले. वरैआडूला मात्र ही खिंड तेवढी आडवी आली नाही: तो निलगिरीपासून दक्षिणेला अगस्त्यमलैच्या परिसरापर्यंत, तुटक तुटक कळपांनी, एकच जात म्हणून पसरलेला आहे.

संग्राहकांनी शोलाकिळीची कातडी आणि अंडी नेली, ए. ओ. ह्यूमसाठी निलगिरीत काम करणारा विल्यम डेव्हिसन हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. पण या संग्रहामुळे पक्ष्याच्या संख्येत खोट आली असे म्हणता येत नाही. वरैआडूचे तसे नव्हते. १८७०च्या दशकापर्यंत कळप इतके विरळ झाले की शिकारीच हवालदिल झाले. १८७७ मध्ये त्यांनी आपली संघटना काढली आणि १८७९ मध्ये मद्रास सरकारने निलगिरीपुरता शिकार व मत्स्य संरक्षण कायदा केला. परवाना, शुल्क, बंद हंगाम असे त्याचे स्वरूप होते. वरैआडू, सांबर, रानकोंबडी, मोर, तितर हे त्यातले ‘शिकारयोग्य’ जीव. हेतू प्राणी वाचवण्याचा नव्हता, शिकार वाचवण्याचा होता, आणि स्थानिक शिकाऱ्यांना दूर ठेवणे हाही त्याचा एक फायदा साहेबांनी गृहीत धरला होता. तरीही वरैआडू सरकारी कागदावर आला. त्याच्यासाठी पहारेकरी नेमले गेले, किती नर मारले याचा हिशेब राहू लागला. शोलाकिळी कोणाच्याच उपयोगाची नसल्याने कोणत्याच यादीत आली नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी वरैआडू शंभरच उरले होते, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. सर्व डोंगर धरून तेव्हा मोजणी झालेली नव्हती, त्यामुळे या आकड्यावर फार भार टाकू नये. घट मोठी होती एवढे निश्चित.

बंदुकीपेक्षा खोल परिणाम झाला तो सरपणाचा. ऊटी, कुन्नूर आणि वेलिंग्टनची छावणी यांच्या चुली, शेगड्या आणि बांधकाम शोल्यांवर चालत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावांजवळचे शोले ओरबाडले गेले आणि त्यांच्याबरोबर झरेही आटू लागले. मद्रासच्या वनखात्याचा पहिला प्रमुख ह्यू क्लेगहॉर्न याच्या काळात ही चिंता सरकारदरबारी मांडली गेली. हा काळ शोलाकिळीसाठी सर्वांत वाईट म्हणावा लागेल. त्यावर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियातून आणलेली झाडे पुढे आली. वॅटल हे बाभळीच्या कुळातले झाड आणि युकॅलिप्टस, ज्याला मराठीत निलगिरीच म्हणतात, ही दोन्ही १८३०-४०च्या दशकांत हौशी अधिकाऱ्यांनी बागांत लावली होती. ती झपाट्याने वाढतात हे पाहून १८५०-६०च्या दशकांपासून सरकारने सरपणासाठी त्यांची लागवड सुरू केली. लागवडीला जागा कुठली? शोला तोडायचा नव्हता, तो वाचवण्यासाठीच तर खटाटोप होता. तेव्हा झाडे गेली गवतावर.

पुढच्या सव्वाशे वर्षांत हेच सूत्र राहिले, कारणे तेवढी बदलत गेली. स्वातंत्र्यानंतर कातडे कमावण्यासाठी वॅटलच्या सालीला आणि रेयॉनच्या लगद्यासाठी युकॅलिप्टसच्या लाकडाला मागणी आली. पंचवार्षिक योजनांच्या काळात गवताळ उतारांवर मैलोगणती वॅटल लागले. वरैआडूसाठी वॅटलचे रान म्हणजे दुहेरी संकट. खायला काही उरत नाही, आणि कड्याच्या काठापर्यंत झाडी आली की बिबट्याला दबा धरायला जागा मिळते. उघड्या गवतात लांबवर पाहून पळण्यावर ज्याचे आयुष्य बेतलेले, त्याची दृष्टीच झाडांनी अडवली. कळप एकेका कड्यावर अडकून पडले.

शोलाकिळीचे नुकसान याच काळात दुसरीकडून झाले. कुंदा जलविद्युत प्रकल्पाचे जलाशय घळींत आणि दऱ्यांत बांधले गेले, म्हणजे नेमके शोले आणि दलदली होत्या तिथे. १९६४च्या भारत-श्रीलंका करारानंतर श्रीलंकेतून परतलेल्या तमिळ कुटुंबांना काम देण्यासाठी सरकारने चहाचे मळे उभारले, त्यातही मधल्या उंचीवरचे जंगल गेले. निर्वासितांना पोटाला लावणे गरजेचेच होते. किंमत कोणी मोजली हा वेगळा प्रश्न. मोठ्या शोल्यांचे तुकडे झाले, आणि शोलाकिळी मोकळी जागा ओलांडून दूर जाणारा पक्षी नाही.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे नियतकालिक या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते. कुन्नूरचे वकील आणि निसर्ग-अभ्यासक ई. आर. सी. दाविदार यांनी १९६३ मध्ये निलगिरीतल्या वरैआडूंची पहिली पद्धतशीर गणना त्यात प्रसिद्ध केली. जॉर्ज शॅलरची १९६९ मधल्या पाहणीवर आधारलेली निरीक्षणेही १९७० मध्ये तिथेच छापून आली. दाविदारांनी १९७५ पासून तीन वर्षे सगळा मुलूख पायाखाली घातला आणि एकूण संख्या दोन हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज दिला. निलगिरीत राहिलेले त्यातले थोडेच होते. सर्वांत मोठा कळप पालघाट खिंडीच्या दक्षिणेला, मुन्नारजवळ एरविकुलमच्या पठारावर होता, आणि तो तिथे टिकला याचे श्रेय, रुचो न रुचो, चहामळ्यांच्या मालकांना जाते. कण्णन देवन कंपनीच्या साहेबांनी ते पठार आपल्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. चहा तिथे होत नव्हता. केरळ सरकारने १९७१च्या कायद्याने ती जमीन परत घेतली, १९७५ मध्ये अभयारण्य आणि १९७८ मध्ये ९७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान केले.

एरविकुलममध्ये आगीचा वापर चालू राहिला. मळेवाल्यांच्या काळात मुथुवन आदिवासी ठरावीक पट्ट्यांत वाळके गवत जाळत; उद्यान झाल्यावरही त्यांच्याच हातून, हिवाळ्याच्या थंडीत, हे काम होत राहिले. अशी थंड हवेतली आग वरवर सरकते, मुळे वाचतात, आणि चार-सहा आठवड्यांत कोवळे कोंब येतात, जे वरैआडू आवडीने खातो. क्लिफर्ड राइस याने १९७९ ते १९८१ या काळात तिथे राहून प्राण्याच्या वर्तनाचा जो अभ्यास केला, तो आजही पायाभूत मानला जातो. निलगिरीत नेमके उलटे घडले होते: वनखात्याने तोडांना गवत जाळायला बंदी केली. परिणामी गवत जून आणि जाड होत गेले आणि कधी वणवा पेटलाच तर तो शोल्यातही शिरू लागला. या एका बाबतीत दोघांचे हित एकच होते, आणि बंदीने दोघांचेही बिघडवले.

मुकुर्तीला १९८२ मध्ये अभयारण्याचा आणि १९९० मध्ये ७८ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तो वरैआडूसाठी. त्याच्या सीमेत शोलेही आल्याने शोलाकिळीला आपोआप संरक्षण लाभले. मात्र तिचे बरेचसे घर उद्यानाबाहेर, मळ्यांच्या, गावांच्या आणि रस्त्यांच्या कडेला उरलेल्या शोल्यांत आहे. ऊटीच्या आसपासच्या चिमुकल्या शोल्यांतही ती गाते. तिथे उद्यानाचा पहारेकरी नाही. सरपणाच्या मोळ्या आणि ओढ्याकाठचे प्लॅस्टिक आहे.

एकविसाव्या शतकात दोघांचीही कुळे नव्याने तपासली गेली. २००५ मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसले की निलगिरी ताहर हा हिमालयातल्या ताहरचा जवळचा नातलग नाहीच. त्याचे नाते मेंढ्यांशी जवळचे. त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती मांडली गेली. शोलाकिळीला तर दीडशे वर्षांत चार-पाच प्रजातींत फिरवून झाले होते. व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ती कुठल्याच जुन्या प्रजातीत बसत नसल्याचे दाखवून तिला स्वतःची प्रजाती दिली, आणि अगस्त्यमलैकडची शोलाकिळी ही वेगळीच जात असल्याचेही सांगितले. दोन्ही निष्कर्षांचा अर्थ सारखाच. हे डोंगरमाथे सखल, उष्ण प्रदेशाने वेढलेली बेटे आहेत आणि त्यांवर लाखो वर्षे अलग राहिलेल्या या वंशांना दुसरीकडे जवळचे आप्त उरलेले नाहीत.

रॉबिन यांच्याच गटाने उपग्रहचित्रांवरून १९७३ ते २०१७ या काळातला बदलही मोजला. पश्चिम घाटाच्या उंच माथ्यांवरच्या गवतापैकी सुमारे ३४० चौरस किलोमीटर, म्हणजे २३ टक्के, परदेशी झाडांखाली गेले होते. शोल्यांचे क्षेत्र त्या मानाने जवळपास तेवढेच राहिले होते. नवी लागवड १९८०च्या दशकाच्या अखेरीस थांबवूनही वॅटल आपोआप पसरत राहिले. त्याचे बी मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते, आणि जमीन उकरली किंवा जाळली की उगवते. स्कॉच ब्रूम हे पिवळ्या फुलांचे युरोपीय झुडूपही गवतात असेच घुसले आहे. शोलाकिळी वाचली आणि वरैआडू हरला असा सरळ निकाल यातून काढू नये. तुकड्यांचे क्षेत्र कायम राहून त्यांच्यातले दुवे तुटू शकतात. शिवाय हा प्रश्न पक्षी विरुद्ध पशू असाही नाही. निलगिरी तीरचिमणी हाही डोंगरातला गाणारा पक्षीच, पण तो गवतात राहतो आणि त्याचे दैव वरैआडूशी बांधलेले आहे.

वॅटल काढायचे ठरले की दोघांची गाठ पडते. जुन्या वॅटलच्या सावलीत, दहिवरापासून आडोसा मिळाल्याने, शोल्याची रोपे रुजतात. अशा रानात, शोला जवळ असेल तर, शोलाकिळीही येते. तिथे वॅटल सरसकट तोडला तर ती रोपे जातात. तोडला नाही तर वरैआडूचे गवत परत येत नाही. मुकुर्तीत वनखात्याने अनेक ठिकाणी वॅटल काढून गवत पुन्हा आणण्याचा प्रयत्न केला आहे. अनुभव असा की एकदा काढून भागत नाही, उगवलेली रोपे वर्षानुवर्षे उपटावी लागतात, आणि स्थानिक गवताची ठोंबे रोपवाटिकेत वाढवून लावावी लागतात. म्हणून उघड्या उतारांवरचे, कड्यांजवळचे वॅटल आधी काढावे आणि घळींतल्या, शोल्याला लागून असलेल्या वॅटलखाली शोल्याची रोपे वाढू द्यावीत, असा मार्ग अभ्यासक सुचवतात.

तमिळनाडू सरकारने राज्यप्राणी असलेल्या वरैआडूसाठी २५ कोटींहून अधिक रुपयांचा पाच वर्षांचा प्रकल्प हाती घेतला आणि दाविदारांच्या स्मरणार्थ ७ ऑक्टोबर हा वरैआडू दिन ठरवला. २०२५ मध्ये तमिळनाडू आणि केरळ यांनी एकाच वेळी केलेल्या गणनेत एकूण सुमारे साडेसव्वीसशे वरैआडू आढळले, दोन्ही राज्यांत जवळपास निम्मे निम्मे. कळप उघड्यावर असतो, दुर्बिणीतून मोजता येतो. शोलाकिळीसाठी असा दिन नाही, स्वतंत्र सरकारी प्रकल्पही नाही. तिचा अभ्यास पायात रंगीत कडी अडकवून आणि शीळ ध्वनिमुद्रित करून, एकेका शोल्यात, जोडीजोडीने चालतो. प्रकल्पाच्या कामांत गवताबरोबर शोल्यांच्या पुनरुज्जीवनाचाही समावेश आहे, आणि तिच्या वाट्याला सरकारी निधी येतो तो त्याच रस्त्याने.